हा एक चालतो

जुलैच्या शेवटच्या शनिवारी बदलापूरला पक्याच्या घरी जमलो होतो, आम्ही पाच जण, कॉलेजपासूनचे. गच्चीवर त्याने पत्र्याची शेड टाकलीय, आणि पाऊस असा काही लागला होता की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागत होतं, त्या आवाजात त्याचा छोटासा ब्लूटूथ स्पीकर जिवाच्या आकांताने वाजत होता. मेडन झालं, मेटॅलिका झालं, थोडं सेपल्टुरा झालं, सगळं मेटल, सगळ्यांना पाठ असलेलं. मग फोन माझ्या हातात आला आणि मी फार विचार न करता पब्लिक एनिमी या अमेरिकन रॅप ग्रुपचा १९८८ चा अल्बम लावला, इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक. सायरन वाजला, गर्दीचा गलका सुरू झाला, आणि मला वाटलं आता कुणीतरी फोन ओढून घेणार, कारण या ग्रुपमध्ये रॅप म्हटलं की आजही तोंडं वाकडी होतात. पण पक्या कांदाभजी तोंडात टाकत म्हणाला, राहू दे राहू दे, हा एक चालतो आपल्याला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

परतताना शेवटच्या लोकलमध्ये तो 'चालतो' काही केल्या डोक्यातून जाईना.

चालतो हा शब्द मला लहानपणापासून माहितीये ना. आमची आजी तो वापरायची. अमक्याकडचं पाणी चालतं, तमक्याकडचं जेवण चालत नाही, तो मुलगा घरात आलेला चालेल पण स्वयंपाकघरात नको. तिच्या तोंडी त्या शब्दात राग वगैरे काही नसायचा, उलट आवाज मऊच असायचा, आणि म्हणूनच तो शब्द आमच्या घरात इतकी वर्षं आरामात राहिला. आवडतो म्हणणारा स्वतः त्या गोष्टीकडे चालत गेलेला असतो. चालतो म्हणणारा आपल्या उंबऱ्यावर उभा राहून कुणाला आत घ्यायचं ते ठरवत असतो. पक्याच्या मनात यातलं काहीच नव्हतं हे मला पक्कं माहितीये, तो माझा तीस वर्षांचा मित्र आहे आणि मनाने सगळ्यात मोठा माणूस आहे आमच्यात. पण मान तर मीही हलवली होती, आणि त्या अल्बमपर्यंत मी स्वतः कुठल्या दाराने आलो ते गाडी अंबरनाथला थांबली तेव्हा मला अचानक सगळं आठवायला लागलं.

शहाण्णव साल असेल, डोंबिवली. ओरिजिनल इंग्लिश कॅसेट सव्वाशेच्या आसपास जायची, म्हणजे आमच्या हिशोबाने चैन, त्यामुळे आम्ही सगळे रेकॉर्ड करून घेतलेल्या टेपवर जगायचो. कॉलेजातल्या एका सीनियरने मला टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या टेपच्या एका बाजूवर स्लेयर या मेटल बँडचा रेन इन ब्लड भरून दिला होता. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना माहितीये, अख्खा अल्बम एकोणतीस मिनिटांत संपतो. शेवटी गिटार थांबतात आणि नुसता पाऊस पडत राहतो. मग त्या बाजूची पंधरा-सोळा मिनिटं उरतात, आणि टेप रिकामी सोडणं हे त्या काळी पाप होतं, म्हणून त्याने पुढे दोन गाणी टाकलेली. एक अँथ्रॅक्स हा मेटल बँड आणि पब्लिक एनिमीने मिळून केलेलं ब्रिंग द नॉइज, १९९१ चं. आणि दुसरं पब्लिक एनिमीच्या त्याच अल्बममधलं शी वॉच चॅनल झीरो, ज्यात मागे स्लेयरच्याच एंजल ऑफ डेथमधला मधला रिफ, म्हणजे गिटारचा एक छोटा तुकडा, फिरत राहतो. त्यानंतर नुसती सूं सूं. वॉकमनमधल्या सेलचा जीव संपत आला की तो रिफ आणखी जड व्हायचा, चिखलातून बैलगाडी ओढल्यासारखा.

त्या दुसऱ्या गाण्याने मी पहिल्यांदा चिडलो होतो. ज्या रिफसाठी मी टेपची घासून चाळण केली होती तो कुणीतरी उचललाय आणि वर चढून बोलतोय! हे गाणं कुठंय, ही तर बडबड, असं मी मोठ्या आवाजात म्हणायचो. पण रिवाइंड करून करून ऐकायचो हेही खरं. हळूहळू रागाची जागा एका वेगळ्याच अभिमानाने घेतली, बघा, या रॅपवाल्यांनासुद्धा शेवटी आमच्या गिटारची गरज पडली. पुढे कळलं की रेन इन ब्लड १९८६ मध्ये ज्या डेफ जॅम कंपनीने काढला तीच पब्लिक एनिमीचीही कंपनी, रिक रुबिन हाच माणूस दोन्हीकडे, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलच्या खोलीतून सुरू केलेला त्याचा कारभार. म्हणजे मला जे उचललेलं वाटत होतं ते एकाच घरातलं होतं. रॅपवाले रन-डीएमसी आणि रॉकवाले एरोस्मिथ यांना एकत्र आणून वॉक धिस वे करून घेणारा तोच. त्या व्हिडिओत दोन बँड भिंतीच्या दोन बाजूंना असतात आणि एरोस्मिथचा गायक स्टीव्हन टायलर माइकच्या स्टँडने भिंत फोडतो, आम्ही केबलवर तो कितीदा पाहिला असेल. फुटलेल्या त्या भोकातून डोकावून बघणारे आम्ही, आणि आम्हाला कायम टायलरच दिसायचा.

पूर्ण अल्बम ऐकायला मला आणखी पाच वर्षं लागली. ऑफिसमधल्या एकाने एमपीथ्री भरलेली सीडी दिली, त्यात शंभरेक फाइली होत्या आणि नावं अर्धवट. मी आधी काय केलं असेल तर चॅनल झीरो शोधलं. मग बाकीचं, एकेक करून, दहा-दहा सेकंद ऐकून पुढे ढकलत, गिटार कुठे आहे ते बघत. गिटार सापडली नाही की पुढे. आज ते आठवलं की वाईट वाटतं. एखाद्याच्या घरी जायचं आणि सगळ्या खोल्यांतून आपल्या ओळखीची खुर्ची शोधत फिरायचं, घरातल्या माणसांकडे बघायचंच नाही, असं काहीतरी.

ऐकणं खरं सुरू झालं ते एका उशिरा सुटलेल्या लोकलमध्ये. दिवा आणि कोपरच्या मध्ये गाडी उभी, सिग्नल नाही, मे महिना, पंखे बंद, आणि हेडफोनमध्ये रिबेल विदाउट अ पॉज लागलेलं. फोन नव्हता हातात की पुढे ढकलावं, पोर्टेबल सीडी प्लेयर बॅगेत खाली गेलेला आणि गर्दीत हात हलवायला जागा नाही. त्या गाण्यात एक किंचाळी आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुकरची शिट्टी वर चढत जावी आणि कुणी गॅस बंदच करू नये तशी. आधी मला ती फक्त त्रासदायक वाटायची. त्या दिवशी पळून जायला जागा नव्हती म्हणून ती ऐकली, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला लक्षात आलं की माझा पाय हलतोय, आणि ती शिट्टी थोडी जरी थांबली असती तर मला चुकल्यासारखं झालं असतं. ती किंचाळी म्हणजे जेम्स ब्राउनच्या साथीदारांचा बँड, द जेबीज, त्यांच्या १९७० च्या द ग्रंटमधला सॅक्सोफोन. खालचे ड्रम जेम्स ब्राउनच्याच फंकी ड्रमरमधले, क्लाइड स्टबलफील्ड नावाच्या माणसाने वाजवलेले, जे पुढे न जाणे किती रॅप गाण्यांत वाजले, आणि त्या वाजवण्याचे हक्क त्याच्या नावावर कधीच नव्हते.

आमच्या रॉकवाल्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न असतो, यात वाद्य कोण वाजवतंय? मीही विचारलाय तो शंभरदा. उत्तर असं आहे की सगळे वाजवतायत. स्टबलफील्ड वाजवतोय, तो सॅक्सवाला वाजवतोय, स्लेयरचे दोघे गिटारवाले वाजवतायत, रेकॉर्डवर हात फिरवणारा टर्मिनेटर एक्स वाजवतोय. बॉम्ब स्क्वाड म्हणून अल्बमचं संगीत रचणारी जी मंडळी होती, हँक शॉकली, कीथ शॉकली, एरिक सॅडलर आणि स्वतः ग्रुपचा मुख्य रॅपर चक डी, त्यांच्या हाताशी एसपी-१२०० सारखं मशीन होतं ज्याच्या मेमरीत सगळे मिळून जेमतेम दहा सेकंद आवाज मावायचा. दहा सेकंद! त्या दहा सेकंदांचे बारीक बारीक तुकडे करून, एकावर एक रचून, मुद्दाम एकमेकांना घासतील असे ठेवून त्यांनी ही भिंत बांधली. दोन सूर जुळत नसले तर ते जुळवायचे नाहीत, तसेच भिडू द्यायचे. डिस्टॉर्शनवर, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटलेल्या आवाजावर, प्रेम करणाऱ्या माणसाला हे समजायला खरं तर पाच मिनिटं पुरायला हवी होती, मला पाच वर्षं लागली. आणि अशी गोधडी पुढे कुणाला शिवताही आली नाही फारशी, १९९१ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने परवानगीशिवाय सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डचे तुकडे, वापरण्याविरुद्ध निकाल दिला आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे मोजायची वेळ आली, एवढे तुकडे कुणाला परवडणार.

आणि वर तो आवाज. चक डीने सांगितलंय की त्याच्या आवाजाच्या ढबीवर मार्व्ह आल्बर्ट या बास्केटबॉलच्या समालोचकाचा परिणाम आहे, आणि एकदा कळलं की ते ऐकू येतंच. लहानपणी रेडिओवर बाळ पंडितांची कॉमेंट्री लागली की बाबा सगळ्यांना गप्प करायचे, मैदान दिसत नसताना फक्त आवाजाने ते उभं करायचं, प्रत्येक शब्द पोचलाच पाहिजे, तसलीच जबाबदारी चक डीच्या आवाजात आहे. तो गात नाही, बरोबर. तो खबर देतोय. बाजूला ग्रुपमधला दुसरा आवाज, फ्लेवर फ्लेव्ह, खिदळतो, चिडवतो, मध्ये तोंड घालतो. तमाशात मुख्य माणूस गंभीर बोलत असताना सोंगाड्या जे करतो ना, अगदी ते. तो नसता तर चक डीचं बोलणं इतका वेळ झेपलं नसतं.

आता जे लिहायचंय ते लिहावं की नाही असा विचार करत दोन दिवस हा लेख पडून होता.

आमच्या बिल्डिंगच्या मागे रेल्वे लाइनला लागून एक वस्ती होती. तेरा एप्रिलच्या रात्री तिथे मांडव पडायचा, बारा वाजता फटाके, आणि मग पहाटेपर्यंत गाणी. ढोलकी, हार्मोनियम, आणि माइकमध्ये फाटणारा एक शाहिराचा आवाज जो गाता गाता थांबायचा आणि बोलायला लागायचा, वेगाने, दमादमाने, ठेक्यावर, आणि बोलता बोलता परत गाण्यात शिरायचा. मी अंथरुणात पडून ऐकायचो. मला शब्द पूर्ण कळायचे नाहीत, नावं कळायची, बाबासाहेबांचं, चवदार तळ्याचं, आणि प्रत्येक कडव्यानंतर येणारी ती गर्दीची लाट कळायची. आणि दरवर्षी कुणीतरी उठून खिडकी लावायचं. कसला तो गोंगाट, उद्या ऑफिस आहे. गणपतीत दहा दिवस समोर लाउडस्पीकर असायचा तेव्हा ती खिडकी कुणी लावल्याचं मला आठवत नाही. मी हे मोठं होईपर्यंत एकदाही लक्षात घेतलं नव्हतं. ब्रिंग द नॉइज, गोंगाट आणा, असं ओरडणारं गाणं मी टेप घासेपर्यंत ऐकलं, अँथ्रॅक्सच्या गिटारसकट, आणि तरी ती खिडकी मला दिसली नाही.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ते नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. आणि या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात, पार्टी फॉर युवर राइट टू फाइटमध्ये, चक डी त्याच ब्लॅक पँथर पार्टीच्या नेत्यांची, न्यूटन, क्लीव्हर आणि सीलची नावं घेतो. चक डीचं गाव, लाँग आयलंडचं रूझवेल्ट, आणि आमच्या बिल्डिंगमागची वस्ती यांच्यातला धागा माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर होता. मी मात्र त्या अल्बमपर्यंत कॅलिफोर्नियाच्या स्लेयरमार्गे पोचलो. या दोन गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही आणि अभ्यासही नाही. मला फक्त एवढं कळतं की हेडफोनमधला तो आवाज मला जितका सोपा गेला तितका खिडकीतला गेला नाही, कारण हेडफोनमधल्या माणसाला माझ्या रस्त्यावर मांडव घालायचा नव्हता.

रॉकवाल्यांनी या अल्बमवर प्रेम केलं नाही असं मुळीच नाही, आणि ते प्रेम खोटं होतं असंही मला वाटत नाही. अँथ्रॅक्सचा स्कॉट इयन स्टेजवर पब्लिक एनिमीचा टीशर्ट घालून उभा राहायचा, जेव्हा मेटल ऐकणाऱ्या पोरांसमोर ते करायला धाडस लागत होतं, आणि मूळ ब्रिंग द नॉइजमध्ये चक डीने अँथ्रॅक्सचं नाव घेतलंय. मग १९९१ मध्ये दोघांनी ते गाणं मिळून केलं आणि एकत्र टूरवर गेले, अर्धी गर्दी यांची, अर्धी त्यांची. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात अँथ्रॅक्सने चक डीचे शब्द नुसते उचलले नाहीत, त्यालाही बरोबर घेतलं. या अल्बमच्या कव्हरचा फोटो, तो गजाआडचा, काढला ग्लेन फ्रीडमनने, ज्याने त्याआधी ब्लॅक फ्लॅग, मायनर थ्रेटसारख्या पंक बँडचे फोटो काढले होते. आणि निर्व्हाना बँडच्या कर्ट कोबेनच्या डायरीत त्याच्या आवडत्या पन्नास अल्बमची हाताने लिहिलेली यादी आहे, त्यात हा आहे. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा किती खूश झालो होतो. परवा लोकलमध्ये तीच यादी परत उघडून वरपासून खालपर्यंत बघितली. पन्नासात रॅपचा हा एकच. रोलिंग स्टोनच्या २०२० च्या पाचशे अल्बमच्या यादीत हा पंधरावा आहे, त्याचा मला आनंदच आहे, पण मला सारखं वाटत राहिलं की अनेकांच्या मनात एकच खुर्ची ठेवलेली असते आणि ती एकदा भरली की दार लोटलं जातं.

याच अल्बमबद्दल मला खटकणारं पण सांगितलं पाहिजे. आम्हा मेटलवाल्यांचं सगळ्यात लाडकं गाणं, चॅनल झीरो, हेच मला आता सगळ्यात कमी आवडतं. बाई टीव्हीवर मालिका बघते म्हणून तिला झापणारं गाणं आहे ते, आणि ज्या माणसाने बाकीच्या अल्बमभर सत्तेला प्रश्न विचारले त्याने इथे घरातल्या बाईवर आवाज चढवावा हे मला छोटं वाटतं. आमच्या आईला दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास मालिका लावायची असायची, तेव्हा मी रिमोटवरून कसा बोलायचो ते आठवतं. म्हणजे ज्या गाण्यात गिटार आहे त्यातच विचार सगळ्यात कमी, आणि आम्ही नेमकं तेच उचललं. १९८९ मध्ये ग्रुपमधला प्रोफेसर ग्रिफ ज्यूंबद्दल एका मुलाखतीत जे बोलला तेही मी नंतर वाचलं आणि बरेच महिने हा अल्बम लावू शकलो नाही. मग परत लावला. दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत अजून, त्यांचं एकमेकांशी काही मिटलेलं नाही.

पण ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस लागलं की मी आजही हातातलं काम थांबवतो. सरकारचं पत्र येतं, सैन्यात भरती हो, आणि तो माणूस नाही म्हणतो, ज्या देशाने मला माणूस मानलं नाही त्याच्यासाठी मी का जाऊ, आणि मग जेल आणि जेलमधून सुटण्याचा बेत. सहा मिनिटांहून जास्त. मागे पियानोचा एक तुकडा फिरत राहतो, आयझॅक हेजच्या १९६९ च्या एका लांबलचक गाण्यातला, दोन-चार सुरांचा, बंद खोलीत येरझाऱ्या घालणाऱ्या माणसासारखा. इथे गिटारची आठवणसुद्धा येत नाही.

गेल्या आठवड्यात पक्याला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, गच्ची गळतेय का विचारलं, आणि मग म्हटलं, त्या दिवशी तू चालतो म्हणालास ना, तर तू त्यातलं ऐकतोस काय? तो म्हणाला, अरे आवडतो म्हणजे, काय एवढं. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, खरं सांगू का, मी सुरुवातीचं एक ऐकतो आणि एकदम तो स्लेयरवाला रिफ लावतो, मधलं काय आहे मला माहीत नाही. म्हटलं, माझंही तेच होतं. एकदा तो रिफवालं सोडून बाकीचं ऐक, रात्री, हेडफोन लावून. बघतो म्हणाला. बघतो म्हणजे पक्याच्या भाषेत नाही.

काल रात्री एकच्या सुमारास मेसेज आला. कसा आहेस नाही, काही नाही, नुसता प्रश्न. तो पियानो कुठला आहे रे?

मी आयझॅक हेज, १९६९ असं टाइप केलं. पाठवायच्या आधी हेडफोन शोधले, गाणं लावलं आणि खिडकीपाशी जाऊन बसलो. बाहेर पाऊस थांबला होता. ते पूर्ण संपेपर्यंत त्याला उत्तर गेलं नाही.